दाराबाहेरचे म्हातारबुवा

आत राजाचा खून होतोय आणि बाहेर म्हातारबुवांची बैठक भरली आहे.

गाव आर्गोस. नाटक इस्किलसचं, 'अ‍ॅगमेम्नॉन'. इ.स.पू. ४५८ साली अथेन्सला, अ‍ॅक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावरच्या डायोनायससच्या नाट्यगृहात झालेलं. दहा वर्षं ट्रॉयला लढून राजा घरी आला, बायकोने अंथरलेल्या उंची जांभळ्या वस्त्रांवरून चालत आत गेला, दार लागलं आणि थोड्या वेळाने आतून किंकाळी आली. वार बसल्याची. मग आणखी एक, दुसरा वार बसल्याची. बाहेर बारा म्हातारे उभे. हातात काठ्या. दार काही पावलांवर. यापुढे जे घडतं ते इस्किलसने प्रत्येकाला दोन-दोन ओळी वाटून देऊन, एखाद्या सभेच्या इतिवृत्तासारखं नोंदवून ठेवलं आहे.

पहिला म्हणतो, गावात पुकारा करू, लोक गोळा करू. दुसरा म्हणतो, छे, आत्ताच्या आत्ता घुसू आणि तलवारीवरचं रक्त ओलं आहे तोवर पकडू. तिसऱ्याला हे पटतं. काहीतरी केलं पाहिजे एवढ्यावर तो ठाम आहे. चौथ्याला यात राजकारण दिसतं, ही हुकूमशाहीची नांदी आहे. पाचवा म्हणतो, आपण वेळ घालवतोय, आतल्यांचे हात काही थांबलेले नाहीत. सहाव्याला काय सुचवावं ते सुचत नाही, आणि हेच तो सभेपुढे मांडतो. सातव्याचं त्याला अनुमोदन, कारण बोलून काही मेलेला माणूस उठत नाही. आठवा आणि नववा आपसात गुलामी की मरण हा प्रश्न सोडवतात. दहावा कायद्याचा माणूस: नुसत्या ओरडण्यावरून माणूस मेला असं धरायचं का? अकरावा म्हणतो, आधी नक्की काय ते कळू दे, मग संतापू. बारावा सगळ्यांच्या मतांचा अंदाज घेतो आणि जाहीर करतो की राजेसाहेबांची स्थिती नेमकी कशी आहे याची माहिती घ्यावी, असं बहुमत आहे.

ठराव मंजूर होतोय तोच दार उघडतं. राणी क्लायटेम्नेस्ट्रा दोन प्रेतांपाशी उभी. माहिती घ्यायचं काम परस्पर उरकलं.

या म्हातारबुवांवर माझा जीव आहे. ग्रीक शोकांतिकांमध्ये राजे वेगळे, घराणी वेगळी, शाप वेगळे. पण वाड्यासमोर काठी टेकून उभे असलेले हे गृहस्थ जिथे तिथे हजर. आर्गोसला आहेत, थीब्जला आहेत, अथेन्सच्या वेशीबाहेरच्या कोलोनसला आहेत, इतकंच काय, थेट पर्शियाच्या राजधानीत सूसालाही आहेत. पुस्तकात त्यांना कोरस म्हणतात. इस्किलसच्या वेळी ते बारा होते, सोफोक्लीसने पंधरा केले. पण बारा काय नि पंधरा काय, माणूस एकच. सगळे मिळून बोलतात तेव्हाही बहुधा 'मी' म्हणूनच बोलतात.

कॉलेजात ही नाटकं पहिल्यांदा वाचली तेव्हा यांची गाणी आली की मी पानं उलटायचो. खून कुठे आहे ते बघू दे एकदाचं! आता उलटं झालंय. राजेलोकांची भाषणं चाळतो आणि म्हातारबुवा काय म्हणतात तिथे थांबतो. वयाचा भाग असेल.

यांचं येणं बघण्यासारखं. नाट्यगृहाच्या बाजूच्या वाटेने, पावा वाजवणाऱ्याच्या साथीने ओळीत आत येतात आणि आल्या आल्या पहिला विषय तब्येत. आर्गोसचे म्हातारबुवा सांगतात की दहा वर्षांपूर्वी फौज ट्रॉयला निघाली तेव्हाच आम्ही बाद होतो. आता तीन पायांवर चालतो, अंगात लहान पोराएवढी ताकद, दिवसाढवळ्या भटकणारं स्वप्न म्हणा ना. युरिपिडीसच्या 'हेराक्लीस'मध्ये तर ते एकमेकांचा हात नि वस्त्राचं टोक धरून चढण चढतात, आणि तरुणपणी भाल्याला भाला लावून कसे लढलो ते चढता चढताच काढतात.

तब्येत झाली की मूळपीठिका. गावात आज काय घडलं एवढंच कोणी विचारलं तरी हे दहा वर्षं मागून सुरू करणार. 'अ‍ॅगमेम्नॉन'मध्ये राणीने पहाटेच गावभर वेद्या पेटवल्यात, म्हणून म्हातारबुवा विचारायला आलेत की बाईसाहेब, बातमी काय? विचारतात, आणि स्वतःच सुरू होतात. दोन गरुडांनी गाभण ससा कसा फाडला, जोशीबुवांनी त्याचा अर्थ काय लावला, ऑलिसच्या बंदरात उलटा वारा कसा सुटला, आणि आर्टेमिस देवीचा कोप शमवायला राजाने पोटच्या पोरीला, इफिजेनियाला, वेदीवर कसं चढवलं. दोनशेहून जास्त ओळी. पोरीच्या तोंडात बोळा कसा कोंबला ते सांगतात, केशरी वस्त्र अंगावरून कसं ओघळलं ते सांगतात, ती चित्रातल्या बाईसारखी एकेकाकडे कशी बघत होती तेही सांगतात. आणि सुरी वर गेली की म्हणतात, यापुढचं काही मी पाहिलेलं नाही आणि सांगायचोही नाही. अहो, पण तुम्ही तर म्हातारे म्हणून घरी राहिला होतात ना? मग त्या पोरीचे डोळे तरी तुम्हाला कुठून दिसले? हा प्रश्न त्यांना कोणी विचारत नाही. अडीच हजार वर्षं झाली.

देवांशी यांचं वागणं जुन्या अर्जदाराचं. साहेबांना कुठल्या पदवीने संबोधलेलं आवडतं, याची आधी चौकशी. झ्यूसला हाक मारताना म्हणतात, तू जो कोणी असशील तो, ज्या नावाने हाक मारलेली तुला रुचत असेल त्याच नावाने मारतो असं समज. हे भाबडेपण मुळीच नाही. देवांचा राग काय असतो तो त्यांनी शेजारच्या घरात पाहिला आहे. एक जण जेवणाच्या ताटात काहीतरी भलतं वाढतो आणि त्याच्या नातवापर्यंत पिढ्या मरत राहतात. अपोलोला एका मुलीने नकार दिला, तर त्याने तिला दिलेली भविष्याची विद्या काढून घेतली नाही, नुसती एवढीच तजवीज केली की तिच्यावर कोणी विश्वास ठेवायचा नाही. तेव्हा म्हातारबुवांचं देवापाशी मागणं एवढंच, की आमच्याकडे फारसं लक्ष जाऊ देऊ नकोस. वीज उंच घरावर पडते हे त्यांना पाठ आहे. आपण ना कोणाचं गाव लुटावं, ना कोणी आपलं लुटावं, कोणाच्या डोळ्यात येणार नाही इतपतच बरं चालावं. या प्रार्थनेला हसणाऱ्याने आपली प्रार्थना आधी आठवून बघावी.

ती मुलगी, कॅसांड्रा, राजाने ट्रॉयहून पकडून आणलेली, खुनाआधी याच म्हातारबुवांसमोर येऊन उभी राहते. या घराण्यात पूर्वी काय पाप झालं, कोणी कोणाच्या पोरांचं मांस रांधलं, हे ती परक्या गावची असून अचूक सांगते. म्हातारबुवा मान डोलावतात. वा, बरोबर, अगदी असंच झालं होतं! जुन्या गोष्टी यांना लगेच कळतात. मग ती आता काय होणार ते सांगते: एक बाई, एक पुरुष, न्हाणीघर, जाळं. यांचा चेहरा कोरा. शेवटी बिचारी उघड म्हणते की तुम्ही आज अ‍ॅगमेम्नॉनचं मरण बघणार आहात. म्हातारबुवा तिला दटावतात, शुभ बोल. आणि मग विचारतात, हे करणारा पुरुष कोण म्हणालीस? ती कपाळाला हात लावायची बाकी राहते. म्हणते, मला ग्रीक चांगलं येतं हो! हे म्हणतात, डेल्फीची देववाणीही ग्रीकमध्येच असते, तरी कुठे कळते?

थीब्जच्या शाखेचा स्वभाव थोडा वेगळा. तिथे राजाचा धाक जास्त. सोफोक्लीसच्या 'अँटिगनी'त क्रेऑन फर्मान काढतो की पॉलिनायसीसच्या प्रेताला कोणी माती द्यायची नाही, आणि म्हातारबुवांना म्हणतो की या हुकमावर तुमचं लक्ष असू द्या. म्हातारबुवांना वाटतं, प्रेताच्या पहाऱ्यावर बसवतोय की काय. लगेच सांगतात की हे काम जरा तरुण माणसाला द्या. पुढे पहारेकरी बातमी आणतो की कोणीतरी माती टाकून गेलं. म्हातारबुवा पुटपुटतात, हे देवांचंच काम नसेल ना? क्रेऑन असा खेकसतो की वय झालंय ते झालंय, वर अक्कल गेल्याचं प्रदर्शन मांडू नका. मग हे काय करतात? गातात. गुन्ह्याचा तपास चालू असताना माणूस नावाचा प्राणी किती अजब आहे यावर गातात: समुद्रात नावा घालतो, जमीन नांगरतो, बोलायला शिकला, फक्त मरणावर औषध काढता आलं नाही. गाणं फार सुंदर आहे. वेळ तेवढी चुकली.

त्याच नाटकात क्रेऑन आणि त्याचा मुलगा हीमॉन यांची जुंपते. भावाच्या प्रेतावर माती टाकणारी अँटिगनी ही हीमॉनची वाग्दत्त वधू आणि बाप तिला मारायला निघालेला. म्हातारबुवा मध्ये पडून राजाला सांगतात, पोरगं काही वावगं बोलत नाही, ऐकून घ्या. पोराला सांगतात, वडिलांचंही ऐकावं. दोन्हीकडे तथ्य आहे. प्रत्येक घरात भांडण लागलं की हे वाक्य बोलणारे एक काका असतात, आणि त्या वाक्यानंतर भांडण आणखी पेटतं. इथेही पेटलं.

पण न्याय करायचा तर हेही सांगायला हवं की एकदा, एकदाच, राजाने त्यांना खरंच विचारलं. आंधळा भविष्यवेत्ता टायरेसियस भाकीत ऐकवून गेल्यावर क्रेऑनचे पाय लटपटले आणि त्याने विचारलं, काय करू? म्हातारबुवांनी काठी सावरली आणि स्पष्ट सांगितलं: आधी जा, गुहेत कोंडलेल्या पोरीला सोडव, आणि बाहेर पडलेल्या प्रेताला मूठमाती दे. कधी नव्हे तो क्रमही बरोबर होता. क्रेऑन गेला, पण आधी प्रेताचं उरकलं, सावकाश, यथासांग, वर मातीचा उंचवटा रचून. आणि मग गुहेकडे. तोवर अँटिगनीने गळफास घेतला होता. मग हीमॉन गेला, मग राणी गेली. परतल्यावर म्हातारबुवा क्रेऑनला एवढंच म्हणाले, की योग्य काय ते तुला फार उशिरा दिसलं. दुसरा कोणी असता तर 'मी सांगितलं होतं' हे चार वेळा ऐकवलं असतं.

इडिपसच्या वेळीही थीब्जला हेच. राजा इडिपस क्रेऑनवर कटाचा आळ घेतो. क्रेऑन यांना विचारतो, हे बोलताना राजा शुद्धीवर होता का? म्हातारबुवा म्हणतात, वरचे लोक काय करतात ते मी बघत नसतो. पुढे राणी जोकास्टा काही न बोलता आत निघून जाते, संकटाचा वास कोणालाही यावा, आणि यांना आनंदाचं भरतं येतं. आपला राजा किथैरॉन डोंगरावर सापडलेला, म्हणजे नक्की कुठल्यातरी देवाचाच मुलगा असणार! पॅनचा? अपोलोचा? की खुद्द डायोनायससचा? बारशाची तयारीच बाकी. पाच-दहा मिनिटांत खरं बाहेर येतं. डोळे फोडून घेतलेला इडिपस दारात आल्यावर म्हातारबुवा म्हणतात की तुझ्याकडे बघवत नाही, आणि त्याच दमात म्हणतात की विचारायचं मात्र पुष्कळ आहे. शिवाय, असं आंधळं जगण्यापेक्षा तू मेला असतास तर बरं, हेही तोंडावर सांगतात. समाचाराला जाऊन असं बोलणारी माणसं आपण पाहिलेली आहेत. पु. ल. देशपांड्यांनी 'राजा ओयदिपौस' करून हे थीब्ज मराठीत आणलं. त्यांनी या म्हाताऱ्यावरही एक स्वतंत्र लेख टाकायला हवा होता, ही माझी जुनी तक्रार आहे.

पण म्हातारबुवा खरे उलगडतात ते कोलोनसला. 'इडिपस अ‍ॅट कोलोनस' हे सोफोक्लीसने नव्वदीच्या घरात लिहिलेलं नाटक. तो गेल्यावर इ.स.पू. ४०१ साली त्याच्या नातवाने ते रंगभूमीवर आणलं. कोलोनस हे सोफोक्लीसचं जन्मगाव, त्यामुळे हे म्हातारबुवा त्याच्या अगदी गल्लीतले. एक आंधळा भटक्या मुलीचा हात धरून गावच्या पवित्र राईत येऊन बसलाय. म्हातारबुवा धावत येतात: कुठाय तो, कुठाय? तिथे बसायचं नाही! उठ, पुढे ये, आणखी पुढे, हां, तिथे बस. आता तुला इथून कोणी हलवणार नाही, आमचा शब्द. आता सांग, तू कोणाचा? आंधळा टाळतो. हे सोडत नाहीत. शेवटी तो सांगतो, मी लायसचा मुलगा. म्हातारबुवा ओरडतात, चालता हो गावातून! शब्दाचं काय? त्याचं उत्तर तयार: तू आधी फसवलंस, फसवणाऱ्याला दिलेला शब्द मोडला तर पाप नाही. मग ती मुलगी, अँटिगनी, गयावया करते तेव्हा पुन्हा विरघळतात आणि निर्णय वर, थीसियस राजाकडे, पाठवून देतात.

राईच्या देवतांचा दोष काढायला हवा, म्हणून ते इडिपसला विधी सांगतात, आणि इथे म्हातारबुवांचा सूरच बदलतो. वाहत्या झऱ्याचं पाणी, धुतलेल्या हातांनी. कलशांच्या काठांना आणि कानांना लहान मेंढीची ताजी लोकर गुंडाळायची. तोंड पूर्वेला. तीन अर्घ्यं, शेवटच्यात मध आणि पाणी, मद्याचा थेंब नाही. ऑलिव्हच्या डहाळ्या तीन नवे सत्तावीस, दोन्ही हातांनी ठेवायच्या. प्रार्थना हळू आवाजात. आणि मागे वळून न बघता निघायचं. राजवाड्यासमोर ज्याला एक निर्णय घेता आला नाही त्याच्याकडे इथे एकाही प्रश्नाचं उत्तर 'बहुधा' असं नाही. इडिपसची दुसरी मुलगी इस्मेनी हे सगळं करायला निघते. तिची पाठ वळताच म्हातारबुवा इडिपसच्या जवळ सरकतात. बाबा रे, जुनी जखम उकरू नये हे कळतं मला, पण ते तुझं नि तुझ्या आईचं... नेमकं काय झालं होतं? तो कळवळतो, नको म्हणतो. हे म्हणतात, आम्ही तुझं ऐकलं, आता तू आमचं ऐक. सगळं काढून घेतात.

सूसाच्या शाखेचा एकच किस्सा पुरे. इस्किलसचं 'पर्शियन्स', इ.स.पू. ४७२, आज हाती असलेल्या ग्रीक नाटकांत सगळ्यात जुनं. त्याचा खर्च तरुण पेरिक्लीसने केला होता. सलामिसला पर्शियाचं आरमार बुडाल्याची बातमी येते, तेव्हा म्हातारबुवा मेलेल्या दारयुश राजाच्या भुताला सल्ल्यासाठी हाका मारतात. ऊर बडवून, जमीन आपटून हाका मारतात. भूत खरंच वर येतं. विचारतं, काय झालं? म्हातारबुवांची वाचाच बसते. जुना धाक! शेवटी भूत कंटाळून बायकोकडे वळतं आणि तिला विचारतं.

अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर चालणाऱ्या 'प्रश्न' या ग्रंथात कोरसचं वर्णन दोन शब्दांत आहे: काळजी करणारा, काही न करणारा. त्यात त्याचा दोष किती म्हणायचा? खून आत व्हायचा आणि प्रेत चाकाच्या फळीवर बाहेर यायचं, असा त्या रंगभूमीचा रिवाज. म्हातारबुवा आत गेले तर बाहेर गाणार कोण? कॉरिंथच्या बायका 'मिडीया'त मुलांच्या किंकाळ्या ऐकून म्हणतात, जाऊ या का आत? आणि जात नाहीत. मीही एका रात्री जिन्यात शेजाऱ्यांबरोबर उभा राहून अशी चर्चा केलेली आहे. यापुढचं काही मी पाहिलेलं नाही आणि सांगायचोही नाही.

'अ‍ॅगमेम्नॉन'चा शेवट मात्र वाचावा. खून उरकल्यावर राणीचा जार इजिस्थस पहारेकरी घेऊन मिरवत येतो. आता खरी भीती बाळगायची वेळ, कारण समोर तलवारी आहेत. आणि म्हातारबुवा याच वेळी खवळतात. लढाईला न जाता घरी बसलास, खूनही बाईकडून करवलास, असं त्याला सुनावतात. स्वतःही घरीच होते, पण ते असो. तो तुरुंगाची, उपाशी मारण्याची धमकी देतो. पहारेकरी पुढे सरतात. हे म्हणतात, मरायला तयार आहोत. क्लायटेम्नेस्ट्राच मध्ये पडते, नाहीतर बाराच्या बारा कापले गेले असते. जाता जाता इजिस्थसला कोंबडीपुढे ऐट मिरवणारा कोंबडा म्हणून घेतात. राणी म्हणते, भुंकू दे यांना. नाटक तिथे संपतं. एरवी शोकांतिकेचा शेवटचा शब्द कोरसचा असतो, इथे तोही त्यांना मिळत नाही.

मुखवट्याआडचे हे लोक नट नव्हते, अथेन्सचे साधे नागरिक होते. तालमी चालू असत तोवर त्यांना लष्करी सेवेतून सूट मिळे, म्हणजे ट्रॉयला न गेलेल्या म्हाताऱ्याचं सोंग घेतलं की आपल्यालाही मोहिमेवर जावं लागत नसे. इस्किलसची त्या दिवशीची चारही नाटकं ओळीने झाली, आणि अभ्यासक असं धरतात की चारही नाटकांत कोरसचे गडी तेच. उंबरठा न ओलांडलेले हे बारा जण दुसऱ्या नाटकात दासी होऊन आले आणि दाईला निरोप फिरवायला लावून त्यांनी इजिस्थसला पहारेकऱ्यांविना बोलावून घेतलं. तिसऱ्यात सूडदेवता होऊन राजाचा मुलगा ओरेस्टीस याच्यामागे डेल्फीहून अथेन्सपर्यंत धावले. चौथं नाटक विनोदी, 'प्रोटिअस' नावाचं. त्यात कोरस घोड्याच्या शेपटीच्या सॅटरांचा. ते हरवलं आहे, त्यामुळे शेपूट लावल्यावर म्हातारबुवांचं काय मत पडलं ते कळायला मार्ग नाही.